आर्णीची हवा कळंबला

आमच्या जिनिंगमध्ये पर्यावरण आलं ते एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. त्याआधी आमच्याकडे नुसती धूळ होती.

गोष्ट २००६ सालची. कापसाचा भाव असा काही पडला होता की आमच्या सहकारी जिनिंगच्या फाटकाबाहेर पूर्वी मैलभर गाड्यांची रांग लागायची, हे नव्या माणसाला सांगितलं तर तो आमच्या वयाकडे पाहून गप्प बसे. यवतमाळ जिल्ह्यात त्या साली पिकापेक्षा समित्या जास्त आल्या. एक समिती यायची, पाहणी करायची, रेस्ट हाऊसवर जेवायची. तिची पानं उचलायच्या आत दुसरी दारात उभी. आमच्या अध्यक्षांचं दुःख एवढंच की यातली एकही समिती आर्णीला आमच्या संस्थेत फिरकली नाही. म्हणून ते स्वतःच नागपूरला कसल्याशा शिबिराला जाऊन आले. संत्री आणतील असं ऑफिसातल्या सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी एक शब्द आणला.

“पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली,” अध्यक्ष म्हणाले. मग पाणी प्याले. “याचं सर्टिफिकेट असलं त आपल्या कापसाच्या गाठी सरळ परदेशात जातात म्हणते. श्रीकृष्णराव, तुम्ही पाहा हे. तुमचं अक्षर चांगलं हाय.”

माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं या अक्षरामुळे आली आहेत. जनगणना, मतदार याद्या, गावातल्या निम्म्या लग्नांतल्या आहेराच्या याद्या आणि यच्चयावत शोकप्रस्ताव माझ्याच हातचे. पण ‘व्यवस्थापन प्रतिनिधी, पर्यावरण’ असा लेखी आदेश हातात पडला तेव्हा, खरं सांगतो, छाती भरून आली. बावीस वर्षं मी हेडक्लार्क होतो. ‘प्रतिनिधी’ पहिल्यांदाच झालो. त्याच संध्याकाळी पेंटरकडे टेबलावर ठेवायची पाटी टाकली.

“प्रतिनिधी म्हणजे पगार वाढला का?” रजनीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, विचारलं.

“मान वाढला.”

“मग उद्या भाजी आणायला मानालाच पाठवा.”

थोरांच्या कार्याला घरातूनच पहिला विरोध होतो, असं मी मनातल्या मनात म्हणालो आणि पिशवी घेतली.

आठवड्याभरात नागपूरहून सल्लागार आला. मंदार त्याचं नाव. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात लॅपटॉपची बॅग, आणि मला पहिल्या मिनिटापासून ‘काका’. तो म्हणाला, “काका, आधी संस्थेचे पर्यावरणीय पैलू शोधायचे. म्हणजे इथून हवेत, पाण्यात, जमिनीत जे जे जातं ते सगळं लिहायचं. काही सोडायचं नाही.”

मी काही सोडलं नाही. अध्यक्षांच्या जीपचा धूर लिहिला. कॅन्टीनच्या बशा धुतल्याचं पाणी लिहिलं. संचालक मंडळाच्या सभेत खिडकीबाहेर पडणाऱ्या पानाच्या पिचकाऱ्या लिहिल्या; त्या मंदारनं ‘द्रव विसर्ग’ या सदरात घेतल्या. तीन दिवस वही घेऊन आवारात फिरलो. चौथ्या दिवशी प्रत्यक्ष जिनच्या शेडमध्ये शिरलो आणि शिरताक्षणी शिंकलो.

ज्यांनी जिनिंगची शेड आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही बाजूंना मशिनी. मशिनीत बाया कापूस लोटतात, सरकी खाली पडते, रुई पुढे जाते आणि मधल्यामध्ये जे उडतं ते बायांच्या नाकातोंडात जातं. ते बाहेर ओढून टाकायला छताशी एक मोठा पंखा आहे, पत्र्याच्या नळकांड्यासकट. त्याचा पट्टा चार वर्षांपूर्वी तुटला. तेव्हापासून पंखा स्थिर आहे. त्यावर पारव्यांचा संसार होता.

“बाबूजी, तुमी लिवून काय राह्यले?” मथुराबाईनं विचारलं. ती बायांची मुकादम. पन्नाशीची, काटक, केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर रुईचा पांढरा थर. बोलताना दर दोन वाक्यांनी खोकायची. हा खोकला इतका नियमित होता की आम्ही तो विरामचिन्ह म्हणूनच ऐकत असू.

“धूळ लिहितोय.”

“लिवल्यानं कमी होते का?”

शेजारी मोहिउद्दीन मिस्त्री मशिनीला तेल देत होता. हा आमचा फिटर. सबंध जिन त्याच्या पान्यावर चालते. तो म्हणाला, “बाबूजी, सीधी बात हाय. पट्टा आला का पंखा चालू. पंखा चालू त धूळ गायब. यात लिवायचं काय हाय?”

मी त्याला समजावलं की गोष्टी अशा एकदम करता येत नाहीत. आधी पैलू, मग उद्दिष्ट, मग कार्यपद्धती, मग मोजमाप. मोहिउद्दीननं तेलाची कुपी खाली ठेवली आणि पंख्यावरच्या पारव्यांकडे असं पाहिलं, जणू त्यांच्यात तरी कोणी शहाणा असेल.

तरी मी पट्ट्याची फाईल काढून पाहिली. फाईल जाड होती. पट्टा घ्यायला तीन दुकानांची दरपत्रकं लागतात आणि त्या मापाचा पट्टा अमरावतीच्या एकाच दुकानात मिळतो. मागच्या वेळी नियम पाळायचा म्हणून उरलेली दोन दरपत्रकं एका भांड्यांच्या दुकानातून आणि एका बॅंडवाल्याकडून घेतलेली होती. ती मंजूर झाली; पण खरेदी उपसमितीत तिघेजण, त्यांतले दोघे चार वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते. एक आला की दुसरा उठे. गणपूर्ती दारातच व्हायची आणि दारातच मोडायची.

मग मोजमाप आलं. मंदारनं नागपूरहून भाड्यानं एक यंत्र आणलं. चार पायांवर उभी लोखंडी पेटी, वर उतरतं छप्पर, लांबून कबुतरखाना वाटावा. आत पांढरा कागद लावायचा, चालू करायचं, मग ते पिठाच्या गिरणीसारखं ओरडत आठ तास हवा ओढतं. कागद पाकिटात घालून प्रयोगशाळेत पाठवला की आकडा येतो. पाचशेच्या आत हवा.

पहिला आकडा एकोणीसशे आला.

मला वाटलं, आता नोटीस येणार, जिन बंद होणार, पेपरात माझं नाव येणार. पण मंदार आनंदानं उठून उभा राहिला. “काका, अप्रतिम! पहिला आकडा असाच पाहिजे. या प्रणालीचा आत्मा म्हणजे सातत्यानं सुधारणा. सुरुवातच चांगली असती तर सुधारलं काय असतं?”

आपल्याकडे एकोणीसशे धूळ आहे याचा अभिमान वाटण्याचा तो माझ्या आयुष्यातला एकमेव दिवस.

भिंतीवर आलेखाचा कागद लागला. रेघ दर पंधरवड्याला खाली यायला हवी होती. पुढच्या पंधरवड्यात आकडा आला एकोणीसशे साठ. पट्टा नव्हता, धूळ होती, बाया होत्या. कमी व्हायला काही कारणच नव्हतं. मंदारनं विचार केला आणि म्हणाला, “यंत्राची जागा चुकतेय.”

म्हणून यंत्र शेडच्या दारात आणलं. चौदाशे. मग वजनकाट्यापाशी नेलं. नऊशे. मग अध्यक्षांच्या केबिनमागच्या कडुनिंबाखाली. सातशे. यंत्र जसजसं लांब गेलं तसतशी आमची हवा सुधारत गेली. रेघ इतकी सुरेख उतरत होती की अध्यक्ष पाहुण्यांना मुद्दाम दाखवू लागले. पण सर्टिफिकेटसाठीचं ऑडिट पंधरा दिवसांवर आलं आणि पाचशेच्या आत काही जाईना, कारण कडुनिंबाच्या पुढे कंपाउंडची भिंत होती.

इथे आमचे शेजारी खेमसिंग गुरुजी मदतीला धावले. निवृत्त मुख्याध्यापक, सल्ल्यात वाकबगार. कुंपणावरून म्हणाले, “श्रीकृष्णभाऊ, संस्थेचे प्रतिनिधी कोण? तुम्ही. मग तुम्ही जिथं राहता तिथली हवा संस्थेचीच की! लावा यंत्र तुमच्या मागच्या अंगणात. आपल्या गल्लीसारखी हवा आर्णीत नाही.”

तर्क मला पटला, यावरून माझी तेव्हाची अवस्था लक्षात यावी. शनिवारी हातगाडीवरून यंत्र घरी आलं. मी ते मागच्या अंगणात उभं केलं, चालू केलं आणि ऑफिसला गेलो. रजनीला मी एवढंच सांगितलं होतं, की याला हात लावू नकोस. तिनं लावला नाही. तिनं फक्त त्या दिवशी वर्षाची मिरची भाजायला काढली होती. गुरुजींच्या हंसाबाई कांडायला आल्या होत्या आणि त्यांच्यासोबत गल्लीतल्या आणखी चौघी. यंत्रापासून दोन हातांवर उखळ.

संध्याकाळी कागद काढला तर तो भगवा झालेला.

आकडा आला दोन हजार तीनशे. खाली प्रयोगशाळेनं शेरा मारला होता: ‘नमुना हाताळताना कर्मचाऱ्यांना त्रास झाला. कृपया खुलासा करावा.’

ही बातमी आर्णीभर व्हायला अर्धा दिवस लागला. अध्यक्ष भर ऑफिसात म्हणाले, “श्रीकृष्णराव, तुमच्या घरापेक्षा आपली जिन साफ हाय!” कॅन्टीनवाला हसला. घरी रजनी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते न बोलण्यापेक्षा कठीण होतं. “बावीस वर्षं मी या घराची झाडलोट करून राह्यली. आणि तुम्ही काय केलं? कागदावर लिहून आणलं, की घर घाण आहे म्हणून!” यावर प्रतिनिधीनं भाजीची पिशवी उचलली.

शेवटी मी एक निर्णय घेतला. तो सांगताना आजही आवाज खाली येतो. कळंबला माझे साडू राहतात. घर गावाबाहेर, तिसऱ्या मजल्यावर गच्ची, चहूबाजूंना मोकळं रान. मी यंत्र एसटीत घातलं.

“हे काय हाय?” कंडक्टरनं विचारलं.

“हवा मोजायचं यंत्र.”

“चाकातली?”

“सगळीकडली.”

“मंग आमच्या गाडीतली मोजू नका,” तो म्हणाला आणि सामानाचं तिकीट फाडलं. गाडी यवतमाळमार्गे कळंबला पोचली. साडूंच्या गच्चीवर यंत्र आठ तास ओरडलं. आकडा आला एकशे ऐंशी. आर्णीच्या जिनमधली हवा आम्ही साठ-पासष्ट किलोमीटरवर नेऊन शुद्ध केली होती. मंदारनं तो ठिपका हिरव्या शाईनं काढला.

आता राहिलं बायांचं प्रशिक्षण. ऑडिटर कोणालाही संस्थेचं पर्यावरण धोरण विचारू शकतो, म्हणून ते सगळ्यांना पाठ हवं होतं. रोज जेवणाच्या सुट्टीत मी बायांपुढे उभा राहून म्हणायचो, “पर्यावरणाचे रक्षण, प्रदूषणास प्रतिबंध व सातत्याने सुधारणा यांस आमची संस्था कटिबद्ध आहे.” बाया भाकर खाता खाता म्हणायच्या. ‘कटिबद्ध’चं ‘कटीबंद’ व्हायचं, मग ‘काटेबंद’. मथुराबाईला मात्र तिसऱ्या दिवशी सगळं बिनचूक आलं.

“मी म्हनतो बाबूजी बरोबर,” ती म्हणाली. “पर मले एक सांगा. हे म्हटलं त थो पट्टा येईन का?”

मला ‘चौकशी करतो’ म्हणता आलं असतं. बावीस वर्षं तेच म्हणत आलो होतो. पण तिच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथं तिची जाऊ रामीबाई काम करायची. आदल्या हंगामात दम लागायला लागला म्हणून घरी बसली, ती अजून घरातच होती, आणि अंगणापर्यंत चाललं तरी मध्ये दोनदा टेकायची. शिवाय समोर चाळीस बाया होत्या आणि माझ्या टेबलावर नवी पाटी होती.

“येईल,” मी म्हणालो. “माझा शब्द.”

मोहिउद्दीननं लांबून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाना उचलला, हे मला फार लागलं.

ऑडिटला पुण्याहून मिताली मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा, बोलणं कमी. सकाळभर त्यांनी केबिनमध्ये बसून फायली पाहिल्या. माझं अक्षर त्यांना आवडलं. आलेखापाशी त्या थांबल्या. “तीन महिन्यांत एवढी घट? उपाय काय केला?”

“वृक्षारोपण,” मंदार चटकन म्हणाला. अकरा रोपं लावली होती हे खरं. ती शेळ्यांनी खाल्ली हेही खरं. पण ते कोणी विचारलं नाही.

मग मॅडम म्हणाल्या, “शेड पाहू.” बायांना त्या दिवशी नवे पांढरे मास्क दिले होते. मॅडमनी नेमकं मथुराबाईला विचारलं, “मावशी, तुमच्या संस्थेचं पर्यावरण धोरण काय आहे?”

मथुराबाईनं मास्क खाली ओढला, हात जोडले आणि खणखणीत सुरू केलं. “पर्यावरणाचे रक्षण, प्रदूषणास प्रतिबंध व सातत्याने...” इथे खोकला आला. ती थांबली. पुन्हा “सातत्याने” म्हणाली, पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा तर ती मशिनीला धरून खालीच बसली. अध्यक्ष माझ्याकडे पाहू लागले, जणू मीच खोकत होतो.

मॅडमनी तिला पाणी दिलं. “असं रोज होतं?”

“रोज,” मथुराबाई दम खात म्हणाली. “सातत्य आमच्याकडं हाय, बाई. सुधारणा बाबूजीच्या फायलीत हाय.”

मॅडमनी वर पंख्याकडे पाहिलं, पारव्यांकडे पाहिलं, मग हातातल्या फायलीची पानं उलटली. माझ्या नीटनेटकेपणाचा इथे घात झाला. मी प्रत्येक कागद फायलीला लावतो. एसटीचं सामानाचं तिकीटही लावलं होतं.

“आर्णी ते कळंब, सामान एक नग,” त्यांनी वाचलं. “हे काय?”

मंदार खोकला, त्याला तिथे पहिल्यांदाच धूळ जाणवली असावी. अध्यक्ष म्हणाले, “ते त्यांचं खाजगी असन.” सुटकेची वाट माझ्यासमोर उघडी होती. पण मथुराबाई खाली बसल्या बसल्या माझ्याकडे पाहत होती. त्या नजरेत राग असता तर मी निभावून नेलं असतं. ती नुसती, आता हा काय म्हणतो, एवढं ऐकायला थांबली होती.

“यंत्र नेलं होतं,” मी म्हणालो. “आलेखातला शेवटचा आकडा कळंबचा आहे. त्याआधीचा कडुनिंबाखालचा. इथला खरा आकडा पहिला, तो एकोणीसशे. पंख्याला चार वर्षं पट्टा नाही.”

“आणि हा दोन हजार तीनशे?”

“तो आमच्या घरच्या मिरचीचा.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्यांचा चेहरा हसऱ्या माणसासारखा होता, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी ‘मोठी त्रुटी’ असं लिहिलं आणि नव्वद दिवसांनी पुन्हा पाहणी ठेवली.

“श्रीकृष्णराव,” गाडी गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, “तुमच्या प्रामाणिकपणाले नेमकी हेच वेळ भेटली?” मला मेमो मिळाला: विनापरवानगी संस्थेचं यंत्र परगावी नेल्याबद्दल. मेमोचा मजकूर मीच लिहिला, कारण ऑफिसात दुसऱ्या कोणाला तो नीट लिहिता येत नव्हता.

पण सर्टिफिकेट हातचं जाणार म्हटल्यावर काय चक्रं फिरली! दुसऱ्याच दिवशी खरेदी उपसमिती अध्यक्षांच्या जीपमध्ये भरली. न बोलणारे दोघे संचालक दोन खिडक्यांतून बाहेर पाहत बसले आणि तशाच पाठमोऱ्या सह्या केल्या. तिसऱ्या दिवशी पट्टा आला. मोहिउद्दीननं आधी पारव्यांचं घरटं उतरवून कौलाखाली नेऊन ठेवलं, मग पट्टा चढवला. अध्यक्षांनी नारळ फोडायला नेमकी नळकांड्याच्या तोंडासमोरची जागा निवडली. मोहिउद्दीन ओरडला, “साहेब, बाजू व्हा!” पण तोवर बटण दाबलं गेलं होतं. चार वर्षांची तुंबलेली धूळ आणि रुई एका दमात बाहेर आली. अध्यक्ष असे पांढरे झाले की वर पट्ट्या आवळल्या असत्या तर गाठ म्हणून खपले असते.

पंखा अकरा दिवस चालला. त्या अकरा दिवसांत मी नाकाला रुमाल न लावता शेडमध्ये जायचो. बाराव्या दिवशी कापूस संपला. हंगाम एप्रिलपर्यंत जायचा, तो फेब्रुवारीतच आटोपला. व्यापारी फाटकाबाहेरूनच गाड्या वळवून नेत होते. बाया घरी गेल्या. मथुराबाई लेकीकडे मुकुटबनला शेतमजुरीला गेली. मॅडमची दुसरी पाहणी एप्रिलअखेर झाली. पट्टा जागेवर होता, पंखा बटण दाबताच फिरला. यंत्र यावेळी थेट शेडच्या मधोमध लावलं. आकडा आला ब्याण्णव. जिन बंद असली की हवा फार चांगली असते. मॅडमनी हेही खाली लिहिलं, दरवर्षी डिसेंबरात जिन चालू असताना येण्याची अट घातली आणि सर्टिफिकेट दिलं. अध्यक्षांनी सत्कारात सांगितलं की आपल्या संस्थेनं धुळीवर विजय मिळवला. कापसावर कोणी मिळवला ते त्यांनी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर जिन पुन्हा चालू झाली. कापूस थोडाच, पण आला. मथुराबाई परत आली. रामीबाई नाही आली. पहिल्या दिवशी मी शेडमध्ये गेलो आणि शिंकलो. वर पाहिलं. पंखा बंद.

“वरून हुकूम हाय,” मोहिउद्दीन म्हणाला. “बिजली बचाव.”

मी केबिनमध्ये गेलो. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “श्रीकृष्णराव, वीज वाचवणं हेही पर्यावरणच हाय. तुम्हीच त लिवलं.” लिहिलं होतं खरं. पण मी आणखीही बरंच लिहिलं होतं. जाऊन फाईल आणली आणि त्यांच्यासमोर उघडली.

“कार्यपद्धती सात, कलम तीन. जिन चालू असताना पंखा चालू राहील. बंद करायचा असेल तर अध्यक्षांचा लेखी आदेश कारणासह फायलीला लावावा. खाली आपलीच सही आहे. काहीच हरकत नाही साहेब, बंद करू. फक्त लेखी द्या. मॅडम पंधरा तारखेला येणार, त्यांना दाखवावा लागेल.”

अध्यक्षांनी ते कलम दोनदा वाचलं. मग सही तिसऱ्यांदा पाहिली, की ती खरंच आपली आहे का. मग पेनाचं टोपण लावलं.

“चालू राहू द्या,” ते म्हणाले.

मी स्वतः शेडमध्ये जाऊन मोहिउद्दीनला खूण केली. पंखा घरघरला, नळकांडं थरथरलं, आणि मशिनींवरचा पांढरा धुरळा हळूहळू वर ओढला जाऊ लागला. मी हात मागे बांधून मध्ये उभा राहिलो. बाया आता काही म्हणतील, निदान एखादी तरी म्हणेल, असं वाटत होतं. मथुराबाई हातातला कापूस टाकून माझ्याकडे आली आणि कानाशी तोंड आणून ओरडली, “बाबूजी, याचा आवाज लय होते ना! याचं काही करा!”

मी सवयीनं म्हणालो, “लेखी द्या.”